कोयत्याच्या घरातलं वनस्पतिशास्त्र

परभणी जिल्ह्यात जंगल नाही, हे परभणीकर पहिल्या दमात सांगून टाकतात. सरकारी आकडे त्यांच्याच बाजूचे आहेत. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीनं देशाची एकतृतीयांश जमीन वनाखाली असावी असं ठरवलं. महाराष्ट्र साडेसोळा टक्क्यांच्या आसपास थांबला आणि राज्याच्या यादीत परभणीचं नाव अगदी तळाशी सापडतं. अभयारण्य नाही, राष्ट्रीय उद्यान नाही. त्यामुळे इथल्या शाळेत पर्यावरणाचा तास सुरू झाला की वाघ येतो, ताडोबा येतं, मेळघाट येतं; शाळेच्या मागचं गायरान काही येत नाही. बारावीतल्या मुलांना ‘निसर्गाचा अभ्यास करून पोट भरता येतं का’ असं विचारलं तर ती एकमेकांकडं बघतात. हा आपल्याकडचा विषयच नव्हे, असं त्यांना मनापासून वाटत असतं.

जंगल नसलं म्हणून निसर्ग नाही असं थोडंच आहे. गोदावरी, पूर्णा, दुधना या तीन नद्या जिल्ह्यातून वाहतात. येलदरीच्या जलाशयावर हिवाळ्यात चक्रवाक उतरतात. जिंतूरकडं डोंगर आहेत. काळ्या रानात उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात आणि पहिल्या दमदार पावसात त्या मिटून जातात. हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात पंचेचाळिसावर जातो. ही दोन्ही टोकं एकाच वर्षात सोसणारी पिकं, गवतं, किडे, पाखरं या जिल्ह्यात आहेत. हरणांचे कळप कोवळं सोयाबीन खातात म्हणून शेतकरी रात्र रात्र जागलीला असतो. इकॉलॉजी म्हणतात ती हीच. कोण कुणावर जगतं, पाणी कुठून येतं, कुठं मुरतं, माती काय धरून ठेवते, याचा हिशोब.

हा हिशोब तोंडपाठ असलेली माणसं परभणीत भरपूर आहेत. वर्षातले आठ महिने मेंढरांमागं चालणारा धनगर पवन्या, मारवेल आणि कुसळी लांबूनच ओळखतो. कुठल्या गवताला कधी तोंड लावू द्यायचं आणि कुसळ धरल्यावर कधी कळप हलवायचा, हे त्याच्या लेकरालाही ठाऊक असतं. गोदाकाठचा भोई पाण्याच्या रंगावरून वरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटलं की काय ते सांगतो. वैदूंच्या पालावर मुळ्यांची पारख असते. पारध्याला तित्तराचा माग कळतो. जिंतूरच्या डोंगराकडच्या आंध वस्त्यांमध्ये रानभाज्यांचं पंचांग चालतं. आणि गंगाखेड, पालम, सोनपेठच्या तांड्यांवरून दिवाळीनंतर ऊसतोडीला जे ट्रक भरून निघतात, त्यातल्या माणसांना उसाबद्दल जे कळतं ते साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यालाही क्वचित कळत असेल.

एवढं ज्ञान असलेल्या घरांमधून वनस्पतिशास्त्रज्ञ, वनाधिकारी, मृदाशास्त्रज्ञ, जलतज्ज्ञ, पक्षी-अभ्यासक का निघत नाहीत? निघालेच तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके का? या लेखाचा विषय एवढाच आहे. मुलांना आवड नाही, हे उत्तर मला पटत नाही. आवड आहे, ओळखही आहे. त्या ओळखीला आपण गुण देत नाही, पुढची वाट दाखवत नाही आणि वाटखर्चही देत नाही. यातली एखादीच गोष्ट केली तर मूल अर्ध्या वाटेवरून परत येतं.

परभणीत पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर गेलं की भरतीची मुलं धावताना दिसतात. पोलीस, सैन्य, वनरक्षक. झाडांची सावली, मोकळा रस्ता आणि कमी वाहनं, म्हणून सगळ्यांनी हीच जागा धरलेली. तिथं भेटलेली एक मुलगी पालम तालुक्यातल्या तांड्यावरची. आई-वडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जोडीनं जाणारे. ही आजीजवळ राहून शिकली. मी विचारलं, वनरक्षकच का? ती म्हणाली, “सर, पोलिसात गर्दी लय. आन् जंगलातली नोकरी म्हणल्यावर घरच्यांना भ्या वाटतं, मला नाही वाटत. मी उसात वाढले.” उसात वाढले म्हणजे काय, हे तिनं पुढं सांगितलं. लहानपणी दोन हंगाम ती फडावरच होती. कांडीचा रंग, डोळ्याचा आकार आणि पाचट किती सहज सुटतं, यावरून हा वाण दोनशे पासष्ट आहे की शहाऐंशी, हे तिला लांबूनच कळायचं. उसात रानमांजराची पिल्लं सापडली तर ती जागची हलवायची नाहीत, आई रात्री येऊन घेऊन जाते, हेही तिला तिथंच कळलं.

वनरक्षकाच्या २०२३च्या भरतीत राज्यभरात २,१३८ जागा होत्या. लेखी परीक्षा १२० गुणांची: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता, प्रत्येकी ३० गुण. मग ८० गुणांची धाव, मुलांना पाच किलोमीटर आणि मुलींना तीन. सामान्य ज्ञानात राज्याचा भूगोल, हवामान, जैवविविधता, वन्यजीव यांवर थोडे प्रश्न येतात, तेही पर्याय निवडण्याचे. एखादं झाड समोर ठेवून नाव विचारत नाहीत. पावलाचा ठसा दाखवून कुणाचा आहे हे विचारत नाहीत. हा माळ चांगला की बिघडलेला, असं कुणी विचारत नाही. ज्या नोकरीत पुढची तीस वर्षं हेच करायचं, तिच्या दारात याला एक गुणही नाही. इंग्रजीला मात्र ३० आहेत. ती मुलगी इंग्रजीतच मागं पडली होती. तिच्या पिशवीत शब्दसंग्रहाचं पुस्तक होतं आणि उसाबद्दलचं तिचं ज्ञान तिला स्वतःला ज्ञान वाटतच नव्हतं.

तिला मी जानकी अम्मल यांच्याबद्दल सांगितलं. इथंही सांगतो, कारण मराठीत हे नाव फारसं कुणी घेत नाही.

जानकी अम्मल यांचा जन्म १८९७चा, केरळातल्या तलश्शेरीचा. घर थिय्या समाजातलं. तेव्हाच्या जातिव्यवस्थेत हा समाज खालचा मानला जाई. मुलींनी शिकणं दुर्मीळ होतं त्या काळात त्या अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात पोचल्या, त्या आशियाई स्त्रियांसाठी असलेल्या बार्बर शिष्यवृत्तीवर. १९३१ साली तिथून वनस्पतिशास्त्राची डॉक्टरेट घेतली आणि परत येऊन कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेत काम धरलं. उसाचा संकर त्याच्या रानटी भावंडांशी, दुसऱ्या गवतांशी करून पाहणं, गुणसूत्रं मोजणं, हे त्यांचं काम. एकटी बाई, त्यातही मागास समाजातली. त्या संस्थेत त्यांना जो त्रास झाला तो त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलेला आहे. पुढं इंग्लंडला गेल्या, सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत १९४५ साली लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश काढला. स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या बोलावण्यावरून परतल्या आणि वनस्पती सर्वेक्षणाची घडी बसवायला लागल्या. उतारवयात सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचवण्याच्या लढ्यात उभ्या राहिल्या. १९७७ साली पद्मश्री मिळाली.

महाराष्ट्रात आज सर्वाधिक लागणाऱ्या वाणांपैकी एक म्हणजे को ८६०३२. त्यातला ‘को’ हा कोईमतूरचा. आमच्या तांड्यांवरची माणसं ज्याला ‘शहाऐंशी’ म्हणतात तो हाच. ज्या संस्थेत जानकी अम्मल यांनी काम केलं, त्याच संस्थेतून तो आला. त्या उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या घरातल्या मुलीला त्याच्या शास्त्रामागं खालच्या मानल्या गेलेल्या समाजातून आलेली एक बाई उभी होती हे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगत नाही. शाळेत नाही, महाविद्यालयात नाही. मी सांगितल्यावर ती पहिलं काय म्हणाली असेल? “तिला खर्चाला पैशे कोणी दिले?” बार्बर शिष्यवृत्ती, मी सांगितलं. प्रश्न अगदी बरोबर जागी लागला होता.

परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी सुरू झालं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. आपली कृषी विद्यापीठं ज्या साच्यातून घडली तो अमेरिकेतला. १८६२ सालच्या मॉरिल कायद्यानं तिथं जमिनी देऊन शेतकी महाविद्यालयं उभी केली, आणि १९६० साली पंतनगरला आपण तोच नमुना आणला. साचा घेताना त्यातली एक गोष्ट मात्र आपण घेतली नाही. गोऱ्यांच्या महाविद्यालयांचे दरवाजे काळ्यांना बंद आहेत हे पाहून १८९० साली तिथं दुसरा मॉरिल कायदा झाला. प्रवेशात वर्णभेद करायचा तर काळ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी संस्था काढा, नाहीतर पैसा मिळणार नाही, असं त्यात होतं. वेगळ्या पंगती मांडणारा कायदा, त्याचं कौतुक करायचं कारण नाही. पण कोण आत येत नाही हा प्रश्न कायद्यानं विचारला होता. आपल्याकडं आरक्षणानं दार उघडलं, हे मोठंच काम झालं. दारापर्यंत कोण पोचतं आणि आत आल्यावर कुठल्या विषयाकडं वळतं, हे मात्र आपण बघत बसलो नाही.

त्या काळ्या विद्यार्थ्यांपैकी एकाला मराठवाड्यातलं प्रत्येक वाचणारं मूल ओळखतं. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि आमच्याकडं बक्षीस समारंभात, वसतिगृहाच्या कपाटात, बसस्थानकावरच्या दुकानात ते आजही भेटतं. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामीत जन्मला. कॅन्ससमधल्या एका महाविद्यालयानं त्याला पत्रानं प्रवेश दिला आणि दारात उभा राहिल्यावर कातडी पाहून परत पाठवलं. १८९१ साली तो आयोवाच्या कृषी महाविद्यालयात पहिला काळा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. १८९६ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९४३ पर्यंत, टस्कीगीला राहिला. १९०६ साली त्याच्या कल्पनेतून एक घोडागाडी निघाली. अवजारं, बियाणं, मातीचे नमुने घेऊन ती थेट काळ्या शेतकऱ्यांच्या बांधावर जाई. आमच्या मुलांना कार्व्हरचं शेंगदाण्याचं काम पाठ असतं. माझ्या मते कार्व्हरकडून घ्यायचं ते दुसरंच: कापसानं थकलेल्या मातीचा त्याचा अभ्यास, आणि तो अभ्यास ज्यांच्या पोटाशी निगडित आहे त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत नेणं. परभणीची मातीसुद्धा कापसाचीच आहे.

आपल्या विद्यापीठांत अशी घोडागाडी आहे, तिला ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणतात. शेवटच्या वर्षाची मुलं गावात जातात, त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर ‘कृषिकन्यांकडून बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक’ अशी छायाचित्रं येतात. उपक्रम चांगलाच आहे. पण ज्ञानाची गाडी एकाच दिशेनं चालते: विद्यापीठाकडून गावाकडं. मेंढपाळाचा वाडा शेतात बसला असताना कृषिदूतांनी वही काढून त्याला विचारलं, असं सहसा घडत नाही. आणि शेवटच्या वर्षात ती वही उघडायची तर मनात आधीच एमपीएससी बसलेली असते. कृषी पदवीधरांचा मोठा ओढा स्पर्धा परीक्षांकडं आहे, हे काही गुपित नाही. वनसेवेच्या परीक्षेलाही कृषीची मुलं मोठ्या संख्येनं बसतात. त्यात गैर काही नाही. पण जंगल आणि माळ यांचा स्वतंत्र अभ्यास करायचा तर वनशास्त्राच्या पदवीची जुनी नावं म्हणजे दापोली आणि अकोला. पालमच्या मुलीला दापोली म्हणजे एक दिवस आणि एक रात्र. वाटेत थांबायचं कुठं, हा प्रश्न प्रवेश अर्जाच्या आधी येतो. वन्यजीव, गवताळ माळ, पाणलोट या विषयांचा पदवी अभ्यासक्रम परभणीतच असावा, ही मागणी कुणीतरी जोर लावून करायला हवी. जागा आहे, माती आहे, प्रयोगशाळा आहेत. १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालयही इथंच आहे. माळ, मेंढरं आणि लांडगा यांचा एकत्र अभ्यास करायला याहून सोयीची जागा मराठवाड्यात नाही.

माळाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. सरकारी नकाशांवर आपल्या माळांना पडीक म्हणतात. २०१६ साली राज्यानं २ कोटी झाडं लावण्याची मोहीम काढली, पुढच्या वर्षी ४ कोटी, २०१८ला १३ कोटी आणि २०१९ला ३३ कोटींचं उद्दिष्ट ठेवलं. झाड लावणं वाईट असं कोण म्हणेल? पण उथळ मुरमाड माळावर खड्डे घेतले की गवताची मुळं तुटतात. तिथं रोप क्वचित जगतं आणि चराईही जाते. कुठल्याही मेंढपाळाला विचारलं असतं तर त्यानं हे सांगितलं असतं. शास्त्रज्ञ आता तेच म्हणतात. अबी वनक आणि एम. डी. मधुसूदन यांनी देशातल्या अशा मोकळ्या नैसर्गिक प्रदेशांचा नकाशा तयार केला. देशाच्या सुमारे दहा टक्के जमिनीवर ते पसरलेले आहेत आणि त्यातला बराचसा भाग सरकारदरबारी पडीक म्हणून नोंदलेला आहे. धनगराचं पोर वनविभागाच्या नियोजनाच्या टेबलावर असतं तर काय झालं असतं, याचा विचार करावा. मागास समाजातल्या मुलांना या क्षेत्रात आणणं म्हणजे त्यांच्यावर उपकार करणं, असा एक समज आहे. खरी गरज शास्त्राची आहे. ज्यांनी माळ पाहिलेला नाही त्यांच्या हातात माळाचा निर्णय जातो, आणि नुकसान माळाचं होतं.

हे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सांगून ठेवलं आहे. जंगल खात्यानं गावची कुरणं घेतल्यावर शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा राहिली नाही, ही तक्रार त्यात आहे. माती वाहून जाऊ नये म्हणून बांध घालण्याची, पाणी अडवण्याची सूचना आहे. शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचं शिक्षण मिळावं, त्यांना परदेशातल्या शेतकी शाळा सरकारी खर्चानं दाखवाव्यात, हाही आग्रह आहे. कुरण, पाणी, माती आणि शिष्यवृत्ती हे चारही विषय एका पुस्तकात आले.

मराठवाड्यात या सगळ्याला आणखी एक पदर आहे, गायरानाचा. निजामी राजवट संपली तेव्हा इथल्या दलित कुटुंबांकडं जमीन जवळपास नव्हतीच. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढं बीडकडं एकनाथ आवाडांनी जमीन हक्काचं आंदोलन उभं केलं. २८ नोव्हेंबर १९९१च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९०पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं, तरी सातबारा सगळ्यांच्या हाती आला नाही. गायरान म्हणजे गावानं सोडून दिलेली, दगडगोट्यांची जमीन. ती ज्या माणसांनी हातानं वेचून, ताली टाकून, शेणखत ओतून पिकाला आणली, त्यांनी मातीचं केवढं मोठं काम केलंय! मृदसंधारणाच्या कुठल्या पुस्तकात त्यांचं नाव आहे? आणि त्यांच्या नातवंडांपैकी किती जण मृदाशास्त्रात एम.एस्सी. करतात? त्या नातवंडांशी बोलल्यावर कळतं की घरात गायरानाची आठवण कष्टाची आणि मारहाणीची आहे. जमिनीपासून सुटका म्हणजे शिक्षण, असं आजी-आजोबांनीच शिकवलेलं असतं. हे मला चूक म्हणता येत नाही. मातीकडं परत यायचं तर मजूर म्हणून नव्हे, अधिकारी म्हणून, संशोधक म्हणून, पगार आणि मान घेऊन येता येतं, हे त्यांना दिसायला हवं. ते दाखवणारं माणूस जवळ नसतं.

मारुती चितमपल्ली हे असं माणूस होऊ शकतात. सोलापूरच्या विणकर घरात १९३२ साली जन्म, कोईमतूरला वन महाविद्यालयात शिक्षण, पुढं आयुष्यभर वनखात्यात नोकरी. नवेगावबांधला त्यांनी माधवराव पाटील डोंगरवारांकडून, गोंडांकडून, धीवरांकडून पाखरांची आणि माशांची नावं गोळा केली आणि मराठीला पक्षिकोश दिला. २००६च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचं मोठेपण असं की कुणाकडून काय शिकलो ते त्यांनी लिहून ठेवलं. पण आता पुढची पायरी यायला हवी. ज्या धीवरानं नावं सांगितली, त्याच्या नातीनं स्वतः तलावावर प्रबंध लिहावा. तसं घडू लागल्याच्या खुणा आहेत. भंडारा-गोंदियाच्या तलावांवर मनीष राजनकरांच्या सोबतीनं धीवर समाजातल्या बायकांनी पाणवनस्पती लावून मासे परत आणले, आणि त्यातल्या शालू कोल्हे आता स्वतः लोकांना हा विषय समजावून सांगतात. अकोल्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्या बियाण्यांच्या संग्रहाला २०२० साली पद्मश्री मिळाली. (हे अकोले अहिल्यानगर जिल्ह्यातलं, विदर्भातलं अकोला वेगळं.)

परभणीला सर्वांत जवळचं उदाहरण वाशीम-अकोल्याचं. हिंगोली ओलांडली की वाशीम. तिथं कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांची संवेदना ही संस्था फासेपारध्यांसोबत गेली कित्येक वर्षं माळ राखायचं काम करते आहे. तणमोर हा माळावरचा अत्यंत दुर्मीळ पक्षी. पावसाळ्यात नर गवतातून उंच उडी मारतो, तेवढाच तो दिसतो. तो कुठं आहे, हे ज्यांच्या बापजाद्यांनी फासे लावले त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पारध्यांनी तणमोर शोधले, माळ राखले, नोंदी केल्या. ज्या समाजाला इंग्रजांनी जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं, त्याच्या हातात पक्ष्याची राखण आली. हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण इथं पारधी माणूस माहिती देणारा म्हणून उभा नाही, काम करणारा म्हणून उभा आहे.

पण अशा घरातल्या मुलाला पदवीपर्यंत जायचं तर आधी कागद. अनुसूचित जातींना १९५०चा पुरावा, अनुसूचित जमातींनाही १९५०चा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. पालावर जन्मलेल्या आजोबांचा १९६१चा कागद कुठून आणायचा? शाळेत नाव नव्हतं, सातबारा नव्हता, घर नव्हतं. जातीचा दाखला निघाला तरी वैधता अडते आणि तेवढ्यात प्रवेशाची तारीख निघून जाते. इथं तहसील कार्यालयात सोबत बसणारा एक शिक्षक शंभर व्याख्यानांचं काम करतो. पैशांच्या योजना आहेत, त्या नावानिशी माहीत असाव्यात: वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार. संशोधनाला बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. परदेशी जायचं तर अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. जवळ शिकायचं तर तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं संकुल आहे, तिथं ग्रामीण विकासाचा अभ्यास नैसर्गिक साधनांच्या प्रश्नांसकट होतो. शाखा कला असली म्हणून दार बंद होत नाही. तांड्यावरच्या आश्रमशाळांत विज्ञान शाखा मिळतेच असं नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितो. वनरक्षकालाही बारावीला भूगोल किंवा अर्थशास्त्र असलं तरी चालतं, आणि अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावी पुरते.

कागद आणि पैशांनंतर वाट दाखवण्याचा प्रश्न येतो, त्याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतली इकॉलॉजिकल सोसायटी १९१५ची. ऐंशी वर्षांनी तिच्या लक्षात आलं की आपल्या बैठकांना बहुतेक एकाच रंगाचे लोक येतात. १९९६ साली तिनं ‘सीड्स’ नावाचा उपक्रम काढला, सुरुवात काळ्यांच्या महाविद्यालयांपासून केली. त्यात काय आहे? मुलांना शेतावर, जंगलात, दलदलीत अभ्यासाला न्यायचं. परिषदेला यायचा प्रवासखर्च द्यायचा. पदवीच्या वर्षांतच छोट्या संशोधनाला पैसे आणि पाठीशी एक मार्गदर्शक द्यायचा. महाविद्यालयात आपापली मंडळं काढू द्यायची. गुंतागुंतीचं काहीच नाही. ही यादी वाचताना मला राहून राहून वाटलं की आपल्याकडं याला लागणारी व्यवस्था कायद्यात आधीच लिहून ठेवलेली आहे.

जैवविविधता कायदा २००२चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. ही कल्पना रुजवण्यात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचा मोठा वाटा आहे. गावातली झाडं, गवतं, पिकांचे वाण, मासे, पाखरं, औषधी, आणि त्याबद्दल गावकऱ्यांना काय कळतं, हे सगळं त्यात यायचं. हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर देशभर घाईघाईत नोंदवह्या झाल्या. कितीतरी ठिकाणी त्या बाहेरच्या संस्थांनी भरल्या, शेजारच्या गावाची यादी थोडी बदलून. ही वही खरी भरायची असेल तर ती कुणी भरावी? माळ तुडवलेल्या घरातल्या, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलानं आणि मुलीनं. मेंढ्यांच्या वाड्यावर बसून, भोयांच्या होडीत बसून, कोयत्यावरून परतलेल्या आईला विचारून. त्यांना त्याचा रोज द्यावा, फुकट सेवा म्हणून करून घेऊ नये. पैसा मिळाला तर सुट्टीत कामाला जायची वेळ येत नाही आणि घरचेही अडवत नाहीत. परभणीच्या कृषी महाविद्यालयातल्या किंवा जिंतूर, गंगाखेडच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी ती तपासावी, शास्त्रीय नावं घालावीत आणि त्याला प्रकल्पाचे गुण द्यावेत. चार वर्षांत जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांची खरी नोंद होईल, आणि ती करणारी पोरं पुढच्या पदवीला आपोआप तयार होतील. वनरक्षकाच्या परीक्षेतही अशा कामाला थोडे गुण ठेवायला हरकत नसावी.

गोदावरीच्या पात्रातून रात्री वाळू जाते, तेव्हा काय जातं याची यादीही याच वहीत यावी. पात्रात टरबुजाच्या वाड्या लावणाऱ्या भोई कुटुंबांना ती तोंडपाठ आहे: कासवांच्या अंड्यांची जागा, माशांची विण, वाळूखालचं पाणी, उन्हाळ्यातलं स्वतःचं पीक. वाळूच्या लिलावाच्या कागदात यातलं काही येत नाही. पर्यावरणाचा अहवाल लिहिणारा माणूस त्या वाड्यांमधून आलेला असेल, तर ते येईल.

दर २६ जानेवारीला ग्रामसभा असते. आपल्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीत कोण कोण आहे, नोंदवही कपाटात आहे की नाही, ती कुणी भरली आणि त्यासाठी किती पैसे दिले, हे कुठलाही गावकरी तिथं विचारू शकतो. उत्तर न देता येणं ग्रामसेवकाला परवडणार नाही. वही असेल तर उघडून वाचायला मागावी. गावातल्या गवतांची नावं त्यात किती आहेत ते मोजावं आणि एखाद्या मेंढक्याला बोलावून उरलेली तिथंच सांगायला लावावीत. लिहून घ्यायला बारावीची मुलं समोरच बसलेली असतात.